कोमात्सुना आणि तांदळाचे शोगुन : तोकुगावा योशिमुने यांचे चरित्र, मुळशीच्या परसबागेसाठी



भात कापून, झोडून, कणगीत गेले की मुळशीच्या घरामागचा तुकडा बहुधा मोकळा पडतो. विहिरीला किंवा नळाला अजून पाणी असते, हवा थंड असते, ऊन सोसवणारे असते. पालेभाजीसाठी वर्षातला हाच सर्वांत चांगला काळ. या दिवसांत घेता येईल अशी एक जपानी पालेभाजी म्हणजे कोमात्सुना. ती आपल्या मोहरीच्या आणि सलगमच्या कुळातली आहे. पाने हिरवीगार, चव पालकापेक्षा थोडी तिखटसर, आणि पीक ४०-४५ दिवसांचे.

या भाजीच्या नावामागे एका राज्यकर्त्याची गोष्ट आहे. तोकुगावा योशिमुने हे जपानचे आठवे तोकुगावा शोगुन, म्हणजे देशाचा कारभार प्रत्यक्ष चालवणारे सेनाधिपती. त्यांचे सगळे आयुष्य भाताभोवती फिरले. भात वाढवण्यासाठी त्यांनी कालवे काढले, भाताचा भाव सावरण्यासाठी धडपड केली, आणि भात बुडाला तेव्हा काय होते हेही त्यांनी पाहिले. मुळशीसारख्या भातावर उभ्या असलेल्या तालुक्याने हे चरित्र वाचावे, म्हणून ते इथे देत आहोत. लागवडीची माहिती पुढे त्याच ओघात येईल.

चौथा मुलगा

योशिमुने यांचा जन्म १६८४ साली किशू संस्थानात झाला. आजचा वाकायामा जिल्हा आणि त्याला लागून असलेला मिए जिल्ह्याचा दक्षिण भाग म्हणजे तेव्हाचे किशू. डोंगर, दाट जंगल, भरपूर पाऊस आणि दऱ्याखोऱ्यांत बसवलेली भातखाचरे असा हा मुलूख. ताम्हिणीकडच्या माणसाला तो परका वाटणार नाही.

वडील संस्थानाधिपती होते, पण योशिमुने हे चौथे पुत्र आणि आई साध्या घरची. गादी मिळण्याची आशा नव्हती. तरुणपणी त्यांना एक लहानशी जहागीर मिळाली, तेवढ्यावरच आयुष्य जाईल असे सर्वांना वाटत होते. मात्र १७०५ साली काही महिन्यांच्या आत थोरला भाऊ, वडील आणि दुसरा भाऊ असे तिघेही वारले. एकविसाव्या वर्षी योशिमुने किशूचे अधिपती झाले आणि कर्जात बुडालेले संस्थान त्यांच्या हाती आले.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, खर्च कमी केला आणि त्याची सुरुवात स्वतःपासून केली. रेशीम सोडून सुती कपडे घातले, जेवण दोन वेळचे आणि साधे ठेवले. दुसरी, पाण्यावर पैसा लावला. बंधारे, कालवे आणि नदीकाठचे बांध यांची कामे जाणणाऱ्या माणसांना त्यांनी पुढे आणले. इझावा यासोबेई हे त्यांतले मोठे नाव. काही वर्षांत संस्थानाची घडी बसली.

१७१६ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, सातवे शोगुन अगदी बालवयात वारले. वारस नव्हता. किशूत कर्ज फेडून दाखवणाऱ्या योशिमुने यांना बोलावणे आले आणि ते आठवे शोगुन झाले. त्या वेळी इकडे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते आणि बाळाजी विश्वनाथ पेशवे होते.

एका बिननावाच्या भाजीला नाव मिळाले

योशिमुने यांना ससाण्याच्या शिकारीचा नाद होता. ही शिकार हिवाळ्यात चाले आणि त्या निमित्ताने ते एदोच्या आसपासच्या गावांत फिरत. परंपरा अशी सांगते, की १७१९ साली ते कोमात्सुगावा नावाच्या गावी शिकारीला गेले असता दुपारी तिथल्या देवस्थानात जेवायला थांबले. याच वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले होते.

देवस्थानाच्या पुजाऱ्याकडे शोगुनांना वाढण्यासारखे खास काही नव्हते. तांदळाचे चिकट लाडू घातलेले साधे सार त्याने केले आणि त्यात शेतातली हिरवी भाजी चिरून टाकली. शोगुनांना ती आवडली. त्यांनी नाव विचारले, तर भाजीला स्वतःचे असे नावच नव्हते. मग गावाच्या नावावरून त्यांनी तिला कोमात्सुना म्हटले. जपानीत ‘ना’ म्हणजे पालेभाजी. काही जण हे श्रेय पाचव्या शोगुनांना देतात, पण कोमात्सुगावाच्या लोकांत योशिमुने यांचीच गोष्ट चालते. तो भाग आज टोकियोच्या एदोगावा विभागात येतो आणि नववर्षाच्या साराच्या वाडग्यात टोकियोकर अजूनही कोमात्सुना घालतात.

या गोष्टीत तुमच्या कामाचे काय आहे ते पाहा. भाजी तीच होती, लोक ती आधीपासून पिकवत होते. नाव मिळाले, गावाशी जोडले गेले, आणि मग तिला ओळख मिळाली. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी तुमच्या बांधावर येतात. त्यांना नावे आहेत, पण शहरातल्या गिऱ्हाईकाला ती माहीत नाहीत. जुडीवर भाजीचे आणि गावाचे नाव लिहिले तर तीच भाजी वेगळी दिसते.

तांदूळ वाढला, भाव पडला

त्या काळी जपानात सारा धान्यात भरला जाई आणि शिपायांचे, अधिकाऱ्यांचे पगार तांदळात मोजले जात. माप होते ‘कोकू’. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनाने साधारण १५० किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा असा त्याचा ढोबळ अर्थ.

तिजोरी रिकामी होती म्हणून योशिमुने यांनी नवी जमीन भाताखाली आणायचे ठरवले. १७२२ साली एदोच्या निहोनबाशी पुलाजवळ जाहीर फलक लावून, नवी शेते काढण्यासाठी पैसेवाल्यांनी पुढे यावे असे आवाहन केले. इझावा यासोबेई यांना किशूहून बोलावून घेतले. त्यांनी मिनुमा नावाचे मोठे तळे आटवून तिथे शेते काढली आणि त्या शेतांसाठी तोने नदीवरून सुमारे ६० किलोमीटरचा कालवा आणला. १७२८ साली तो पुरा झाला. आजही त्यातून पाणी वाहते.

उत्पादन वाढले आणि तांदळाचे भाव कोसळले. पगार तांदळात घेणारे लोक तो विकून इतर वस्तू घेत. त्यांच्या हाती कमी पैसा येऊ लागला. शोगुनांचा निम्मा कारभार मग तांदळाचा भाव सावरण्यात जाऊ लागला. १७३० साली ओसाकाच्या दोजिमा बाजाराला त्यांनी मान्यता दिली. तिथे तांदळाच्या पावत्यांचे आणि पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे चालत. जगातला पहिला संघटित वायदेबाजार म्हणून तो ओळखला जातो. लोक त्यांना तांदळाचे शोगुन म्हणू लागले.

शेतकऱ्याच्या अंगाने पाहिले तर हिशेब वेगळा होता. पूर्वी दर वर्षी पीक पाहून सारा ठरे. योशिमुने यांच्या काळात मागच्या काही वर्षांची सरासरी काढून तो ठरावीक मुदतीसाठी कायम करण्याची पद्धत आली. पीक चांगले आले तर वरचे शेतकऱ्याचे, पण साधारण कमी आले तरी सारा तेवढाच. शिवाय सरकारी वाटा साधारण चार हिश्शांवरून पाच हिश्शांवर नेण्यात आला. म्हणजे दहा पोत्यांतली पाच पोती गेली. १७४४ साली शोगुनांच्या खजिन्यात सुमारे १८ लाख कोकू सारा जमा झाला, हा त्या राजवटीतला उच्चांक. शेतकऱ्यांचे उठावही याच काळात वाढले. योशिमुने यांना थोर सुधारक म्हणताना ही बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही.

१७३२ : तुडतुडे

१७३२ चा उन्हाळा पश्चिम जपानात गार आणि ओला गेला. भातावर तुडतुड्यांचे थवे उतरले. हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तपकिरी तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात, चुडांचे गोल गोल पट्टे करपतात आणि हिरवे खाचर आठवड्याभरात वाळल्यासारखे दिसते. तिकडे हे तुडतुडे वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येतात, हे आता माहीत झाले आहे. तेव्हा लोक मशाली पेटवून, ढोल वाजवून त्यांना हाकलू पाहत. काही भागांत खाचरातल्या पाण्यावर व्हेलचे तेल सोडून, चूड हलवून तुडतुडे पाण्यात पाडण्याची रीत होती. या दुष्काळानंतर ती पसरली.

पीक गेले. लाखो लोकांची उपासमार झाली, कित्येक हजार मेले. तांदळाचा भाव, जो आदल्या वर्षांपर्यंत पडला म्हणून ओरड होती, तो कडाडला. १७३३ च्या सुरुवातीला एदोत लोकांनी तांदळाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची वखार फोडली.

या दुष्काळातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली साकुबेई नावाच्या शेतकऱ्याची. तो आजच्या एहिमे जिल्ह्यातला. घरातली माणसे उपासाने गेली, वडील गेले, मुलगा गेला. घरात जवाच्या बियाण्याचे पोते होते. ते खाल्ले तर तो काही दिवस जगला असता, पण पुढच्या हंगामात गावाला पेरायला काही उरले नसते. त्याने बियाण्याला हात लावला नाही आणि त्याच पोत्याशेजारी प्राण सोडला. पुढे संस्थानाने त्याचे स्मारक उभारले.

दुसरी ओमिशिमा बेटाची. तिथल्या एका माणसाने वीस वर्षांपूर्वी दक्षिणेकडून रताळ्याचे वेल आणून लोकांना दिले होते. भात गेला तरी रताळी जमिनीत होती. त्या बेटावर उपासमारीने कोणी दगावले नाही असे सांगतात.

शोगुन दुसऱ्या पिकांकडे वळले

नवी झाडे आणि नवे ज्ञान यांची ओढ योशिमुने यांना आधीपासून होती. १७२० साली त्यांनी परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल केली. धर्मप्रचाराची सोडून इतर शास्त्रीय पुस्तके देशात येऊ लागली. लोकांना थेट तक्रार टाकता यावी म्हणून १७२१ पासून पेटी ठेवली. अशाच एका अर्जावरून १७२२ मध्ये कोइशिकावा येथील सरकारी औषधी बागेत गरिबांसाठी दवाखाना सुरू झाला. बाहेरून आणावा लागणारा ऊस आणि औषधी जिनसेंग देशात पिकवण्याचे प्रयोग त्यांनी करून घेतले.

दुष्काळानंतर या कामाला निकड आली. आओकी कोन्यो नावाच्या विद्वानाने, जो एका मासे विक्रेत्याचा मुलगा होता, रताळ्यावर माहितीपुस्तक लिहिले. शोगुनांनी १७३५ साली त्याला कोइशिकावाच्या बागेत आणि माकुहारी गावात रताळ्याची लागवड करून पाहायला सांगितले. वेल जगले, रोपे वाटली गेली, आणि पुढच्या दुष्काळांत एदोच्या आसपास रताळ्याने माणसे वाचवली. त्याच सुमारास देशभर कोणत्या गावात काय पिकते, काय उगवते, याची मोठी नोंद करण्याचे काम निवा शोहाकू यांनी सुरू केले.

तांदळासाठी ओळखला गेलेला माणूस शेवटी रताळ्यापाशी आला. हे त्यांना आधी सुचले असते तर बरे झाले असते, पण सुचले हेही खरे. १७४५ साली त्यांनी मुलाकडे गादी दिली आणि १७५१ साली ते वारले. उएनो येथील कानेइ-जी मंदिरात त्यांची समाधी आहे.

आता तुमचा वाफा

कोमात्सुना काही रताळ्यासारखी दुष्काळात पोट भरणारी नाही. पण भातापाठोपाठ घराजवळ दुसरे काही असावे, या सवयीची ती सोपी सुरुवात आहे. आंबेमोहोराचे पीक तुडतुड्यांनी किंवा परतीच्या पावसाने गेले तर परसबाग ते भरून काढणार नाही. मात्र रोजच्या भाजीचा खर्च वाचेल आणि घरातल्यांच्या ताटात हिरवे पान पडेल. १०० ग्रॅम कोमात्सुनात सुमारे १७० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पालकापेक्षा बरेच जास्त, आणि ते शरीरात जाण्यास अडथळा करणारे ऑक्झॅलेट पालकापेक्षा कमी.

वेळ : ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पेरणी करावी. १५ ते २५ अंश तापमान या भाजीला मानवते. फेब्रुवारीनंतर पेरल्यास लवकर फुलावर येते आणि पाने निबर होतात. मुळशीच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात उघड्यावर पेरू नये, रोपे कुजतात.

जमीन : गादीवाफा १ मीटर रुंद, ३ मीटर लांब आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच करावा. दर चौरस मीटरला ३ ते ४ किलो पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी. घाटाकडच्या तांबड्या मातीत आम्लता जास्त असू शकते. माती परीक्षणात सामू ६ पेक्षा कमी आला तर परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे चुना द्यावा. आम्ल मातीत या कुळातल्या पिकांच्या मुळांना गाठी येण्याचा रोग बळावतो.

पेरणी : सगळा वाफा एकदम पेरू नये. त्याचे एक-एक मीटरचे तीन भाग करून दर १२ ते १५ दिवसांनी एक भाग पेरावा, म्हणजे भाजी सतत मिळते. एका भागाला १ ते २ ग्रॅम बियाणे पुरते. ओळींत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून बी १ सेंटिमीटर खोल पडेल असे टाकावे. पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळल्यास रोपे कोलमडण्याचे प्रमाण कमी होते. ३ ते ५ दिवसांत उगवण होते.

विरळणी आणि काढणी : कोवळी पाने हवी असतील तर दोन रोपांत ५ सेंटिमीटर पुरे, २५ ते ३० दिवसांत पाने खुडावीत. पूर्ण वाढीच्या जुडीसाठी १५ सेंटिमीटर अंतर राखावे आणि ४० ते ४५ दिवसांत काढणी करावी. विरळणीत निघालेली रोपे टाकू नका, ती आमटीत जातात.

पाणी आणि खत : सकाळी झारीने हलके पाणी द्यावे, वाफा ओलसर राहावा पण चिखल नको. युरियाचा मारा करू नये. पाने हिरवीगार दिसतात, पण त्यांत नायट्रेट साठते आणि माव्यालाही आमंत्रण मिळते.

कीड : पिसू भुंगेरे पानांना बारीक छिद्रे पाडतात. मावा, चौकोनी ठिपक्याचा पतंग आणि मोहरीवरील काळी अळी याही येतात. पेरल्या दिवसापासून वाफ्यावर बारीक जाळी ताणली तर निम्मे काम होते. लागल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट रात्री वाफ्याशेजारी ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. घरच्या पालेभाजीवर रासायनिक कीटकनाशक टाळावे.

कच्ची खायची असेल तर : कोमात्सुना लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतून, हरभऱ्याच्या डाळीत किंवा बेसन लावून भाकरीबरोबर चांगली लागते. हिचीच बहीण मिझुना, क्योतोकडची, कातरलेल्या पानांची. ती दह्यातल्या कोशिंबिरीत कच्ची घालतात. लागवड कोमात्सुनासारखीच. कच्च्या भाजीला नाल्याचे पाणी देऊ नये, ताजे शेण किंवा जीवामृत पानांवर टाकू नये, आणि पाने वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवावीत.

बियाणे : पाकिटावर संकरित लिहिलेले असेल तर त्याचे घरचे बी पुढच्या वर्षी तसेच निघत नाही. सरळ वाणाचे असेल तर जानेवारीअखेर किमान १० ते १५ जोमदार रोपे न कापता फुलावर येऊ द्यावीत. हिचे परागीभवन दुसऱ्या झाडाच्या परागाने मधमाश्यांमार्फत होते, म्हणून एकच झाड राखून बी भरत नाही. जवळ पाक चोय, सलगम किंवा चिनी कोबी फुलावर असेल तर संकर होतो. शेंगा पिवळ्या पडल्या की कापून सावलीत वाळवाव्यात, बी राख लावून बाटलीत ठेवावे.

विक्रीचा विचार : पुण्यातली हॉटेले अशी भाजी घेतात हे ऐकून अर्धा एकर पेरू नका. ही भाजी काढल्यावर दोन दिवसांत मलूल होते. एक हंगाम घरापुरती घ्या, ओळखीच्या चार घरांना द्या, नेहमीचे गिऱ्हाईक ठरल्यावरच वाफे वाढवा. भाव पडतो तेव्हा काय होते ते शोगुनांनाही सावरता आले नव्हते.

कृषी सहायकांना एक विनंती. गावबैठकीत जपानी भाजीचे पाकीट वाटण्याआधी साकुबेईची गोष्ट सांगा. मग घरात कुठले बियाणे राखले आहे, आंबेमोहोराचे, नाचणीचे, वालाचे, ते विचारा. नवी भाजी परसात आली तर चांगलेच आहे. तिच्यासाठी जुन्या बियाण्याची बाटली रिकामी होता कामा नये.